भात सोडला, भाकरी धरली, तरी वजन का हलत नाही?

वजन कमी करायचे ठरले की मराठी घरात पहिली कुऱ्हाड भातावर पडते. त्यामागोमाग बटाटा जातो, पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी येते, नाश्त्याला ओट्स किंवा नाचणीचे सत्त्व सुरू होते आणि चहात साखरेऐवजी गूळ पडू लागतो. पहिल्या आठवड्यात वजनकाटा दीड-दोन किलो खाली येतो, दुसऱ्या आठवड्यात तिथेच थबकतो, आणि पुढे एखादे लग्न किंवा गणपती आले की उतरलेले सगळे वजन दोन दिवसांत परत आल्यासारखे दिसते. मग ‘मला कर्बोदके मानवतच नाहीत’ असे ठरवून माणूस आणखी कडक पथ्य धरतो, ते काही आठवडे टिकते, सुटते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा धान्याच्या नावात नसते. धान्य बदललेले असते, परंतु ताटातील त्याचे प्रमाण आणि त्याच्या जोडीला येणारे तेल, साखर, कूट हे सारे जसेच्या तसे राहिलेले असते. पुढील तपासणी लक्षणांनुसार दिली आहे. आपल्याला लागू पडेल तो भाग आधी वाचला तरी चालेल, मात्र पीठ मोजण्याचा भाग कोणीही वगळू नये.

काही जणांनी मात्र ताटात बदल करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना भात-भाकरी अचानक अर्ध्यावर आणली, तर औषधाचा डोस तोच राहिल्यामुळे रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके जवळजवळ बंद केल्यास, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार घडू शकतो. गरोदर आणि स्तनदा स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण, तसेच पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेल्या व्यक्ती यांनीही हा लेख वाचून स्वतःचे पथ्य ठरवू नये.

लक्षण: पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, मग काटा हललाच नाही

येथे बिघाड असा काही नाही, आकड्याचा अर्थ तेवढा चुकीचा लावला गेला आहे. शरीर कर्बोदकांचा काही साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवते. प्रौढ माणसात हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. भात, पोळी, भाकरी एकदम कमी केल्यावर हा साठा वापरला जातो, त्यासोबतचे पाणीही निघून जाते आणि काटा झपाट्याने खाली येतो. चरबी त्या मानाने फारच थोडी घटलेली असते.

लग्नातल्या जेवणानंतर ‘एका दिवसात दीड किलो वाढले’ असे वाटते, त्याचेही गणित हेच आहे. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. पंगतीत कितीही आग्रह झाला तरी एका जेवणात हे साधत नाही. वाढलेला आकडा हा पुन्हा भरलेल्या ग्लायकोजेनचा, त्यासोबतच्या पाण्याचा आणि खारट पदार्थांमुळे अंगात थांबलेल्या पाण्याचा असतो, आणि नेहमीचे जेवण सुरू केले की तीन-चार दिवसांत तो आपोआप खाली येतो. त्यासाठी दुसऱ्या दिवशी लंघन करण्याचे काहीच कारण नाही.

उपाय असा, की रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करावे, आणि रोजचे आकडे बाजूला ठेवून फक्त आठवड्याच्या सरासरीची तुलना करावी. स्त्रियांनी पाळीच्या आधीच्या आठवड्याची तुलना मागील महिन्यातील त्याच आठवड्याशी करावी, कारण त्या दिवसांत अंगात पाणी साठते. सोबत बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर टेपने मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते. पुष्कळदा काटा स्थिर असतो आणि टेप मात्र दोन सेंटीमीटर आत आलेली असते. सलग चार आठवडे सरासरीही हलली नाही आणि घेरही कमी झाला नाही, तरच खरा अडथळा आहे असे समजून पुढे जावे.

लक्षण: धान्य बदलले, वजन बदलले नाही

ही सर्वांत जास्त आढळणारी अडचण आहे, म्हणून येथे सविस्तर लिहितो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कोरड्या धान्यातील कॅलरी अशा आहेत: पांढरा तांदूळ सुमारे ३५६, बाजरी ३४८, ज्वारी ३३४, नाचणी ३२१ आणि गव्हाचे कोंड्यासह दळलेले पीठ ३२०. म्हणजे ‘वजन वाढवणारा’ तांदूळ आणि ‘वजन उतरवणारी’ बाजरी यांच्यात ८ कॅलरींचा फरक आहे. खरा फरक तंतुमय पदार्थांत दिसतो. तांदळात ते ३ ग्रॅमच्या आत आहेत, तर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि न चाळलेली कणीक या सर्वांत १० ते ११ ग्रॅमच्या आसपास आहेत. तंतूंमुळे पोट लवकर भरते, ते भरलेले जास्त वेळ राहते आणि साखर रक्तात सावकाश उतरते. हा लाभ मोठा आहे, परंतु तो पदरात पडण्यासाठी आपण खाणे कुठेतरी थांबवावे लागते.

आता प्रत्यक्ष ताट पाहू. एखाद्या गृहिणीने दुपारच्या तीन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या घ्यायला सुरुवात केली, आणि आकडा तीनवरून दोनवर आल्यामुळे आपण कमी खात आहोत असा तिचा समज झाला. घडीची पोळी साधारण ३० ग्रॅम कणकेची असते. तीन पोळ्यांची ९० ग्रॅम कणीक म्हणजे २८८ कॅलरी, आणि घडीत व वरून मिळून दीड चमचा तेल धरले तर आणखी ६०, असे सगळे मिळून ३५० च्या जवळपास होते. भाकरी थापताना मात्र परातीत एक मोठी मूठ पीठ येते, त्यावर हातापुरते आणि परातीला लावण्यापुरते पीठ वेगळे, आणि तव्याएवढी थापलेली भाकरी सहज ८० ग्रॅमची होते. दोन भाकऱ्यांचे १६० ग्रॅम पीठ म्हणजे ५३४ कॅलरी, आणि वर लोण्याचा गोळा असेल तर तो वेगळा. तीनाच्या जागी दोन आले आणि कॅलरी दीडपट झाल्या. कोल्हापूर-सोलापूरकडची मोठी भाकरी किंवा खानदेशातली कळण्याची भाकरी असेल तर हा आकडा आणखी वर जातो. यात भाकरीचा काहीच दोष नाही. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या भुकेसाठी तिचा आकार ठरला आहे, आणि आपण ती खुर्चीत बसून खात आहोत.

म्हणून पहिली दुरुस्ती अशी, की स्वयंपाकघरात चारपाचशे रुपयांचा डिजिटल काटा आणावा आणि एक आठवडा फक्त कोरडे पीठ, कोरडे तांदूळ, कोरडे पोहे मोजावेत. शिजलेले अन्न मोजण्यात अर्थ नाही, कारण भातात, उपम्यात किंवा आंबिलीत पाणी किती मुरले यावर त्याचे वजन बदलत राहते. एका वाटीत पीठ किती ग्रॅम मावते, आपल्या हाताची मूठ किती ग्रॅमची भरते, आपल्या घरच्या पोळीचा उंडा केवढा असतो, हे एकदा कळले की पुढे रोज काटा काढावा लागत नाही.

किती घ्यावे याचा ठोकताळाही उपलब्ध आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत २००० कॅलरींच्या दिवसासाठी तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम असा ताटाचा आराखडा दिला आहे, आणि तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. वजन उतरवण्यासाठी कोणी १५०० कॅलरींच्या आसपास राहणार असेल, तर त्याच हिशेबाने दिवसभराचे कोरडे धान्य १७० ते १९० ग्रॅमच्या दरम्यान बसते. प्रत्यक्षात याचा अर्थ सकाळी ४० ग्रॅम पोहे, दुपारी ४०-४० ग्रॅमच्या दोन लहान भाकऱ्या आणि रात्री ५० ग्रॅम तांदळाचा भात असा होतो. यात भात आहे, भाकरी आहे आणि पोहेही आहेत. कशावरही बंदी घालावी लागलेली नाही. उंचीने मोठ्या किंवा अंगमेहनतीचे काम करणाऱ्या माणसाला हे कमी पडेल, त्याने प्रमाण त्यानुसार वाढवावे.

दुसरी दुरुस्ती रिकाम्या झालेल्या जागेची. धान्य कमी केले आणि त्या जागी काहीच आले नाही, तर भूक ती जागा संध्याकाळी भरून काढते. या संदर्भात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचा आहारविषयक भाग महत्त्वाचा आहे. तो २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के भाग कर्बोदकांतून येतो असे त्यात आढळले, आणि नुसते पांढऱ्या तांदळाच्या किंवा मैद्याच्या जागी गव्हाचे वा भरडधान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा किंवा पोटाच्या लठ्ठपणाचा धोका कमी असल्याचे दिसले नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा काढून तिथे डाळी आणि दूधदुभत्यातील प्रथिने आणली, तेव्हा मधुमेहाच्या बाबतीत मात्र धोका कमी असल्याचे दिसले. हे सर्वेक्षण आहे, प्रयोग नाही, त्यामुळे त्यातून कार्यकारणभाव ठामपणे काढता येणार नाही. तरीही २०२३ या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षापासून ज्वारी-नाचणीचा जो गजर चालू आहे, त्याच्या तुलनेत हा निष्कर्ष फारच थोड्यांच्या कानावर गेला, असे मला वाटते.

म्हणून जेवढी भाकरी कमी झाली, तेवढ्या जागी मोड आलेल्या मटकीची उसळ, कुळथाचे पिठले, घट्ट वरण, दही, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी यायला हवे. वरण घट्ट असण्याला महत्त्व आहे. चार माणसांत एक मूठ तूरडाळ शिजवून पातेलेभर पाणी घातलेल्या वरणातून माणशी जेमतेम तीन ग्रॅम प्रथिने मिळतात, तर ३० ग्रॅम कोरड्या डाळीच्या एका घट्ट वाटीतून सहा ग्रॅमहून अधिक मिळतात. पिठले करतानाही फोडणीचे तेल मोजावे, कारण पातेल्यात वाकडी करून ओतलेली तेलाची बाटली कोणाचाच हिशेब ठेवत नाही. एक लहान चमचा तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी. थालीपिठाचे उदाहरण बोलके आहे: ६० ग्रॅम भाजणी सुमारे सव्वादोनशे कॅलरींची असते, आणि मधल्या भोकांत व कडेने सोडलेले अडीच चमचे तेल तिच्यावर आणखी शंभर चढवते. भाजणीत डाळी असल्यामुळे थालीपीठ मुळात उत्तम आहे. नॉनस्टिक तव्यावर झाकण ठेवून, भोके न पाडता केले तर तेल निम्म्यावर येते, चव थोडी उतरते हे खरे.

दळणाकडेही एकदा पाहावे. गहू गिरणीतून दळून आणून पुढे बारीक चाळणीने चाळायचा आणि कोंडा टाकून द्यायचा, ही सवय अनेक घरांत आहे, कारण त्याने पोळी मऊ होते. ज्या तंतूंसाठी आपण घरचे दळण आणतो तेच त्या चाळणीत राहतात. काडीकचरा काढण्यापुरती जाड चाळण पुरेशी आहे. नाचणीचे सत्त्वही याच कारणाने तपासून घ्यावे: नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळली की साले बाजूला जातात आणि मुख्यतः पिष्ट उरते. लहान बाळासाठी ते योग्य आहे, वजन उतरवू पाहणाऱ्या मोठ्या माणसासाठी नाचणीची भाकरी त्याहून सरस.

लक्षण: पाकिटावर ‘मल्टिग्रेन’ आहे, तरी उपयोग होत नाही

पाकिटाची पुढची बाजू न वाचता मागची वाचावी. भारतातील नियमांनुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणजे पहिले नाव ज्याचे तोच मुख्य घटक. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा, दुसरे तेल, तिसरी साखर आणि ज्वारी-नाचणी-ओट्स शेवटी दोन-दोन टक्के, असे चित्र नवलाचे नाही. ब्रेडचा तपकिरी रंगही पुष्कळदा कॅरामेलचा असतो. तंतूंचा आकडा छापलेला असेल तर साधी कसोटी अशी की दर १० ग्रॅम कर्बोदकांमागे किमान १ ग्रॅम तंतू असावेत. ज्वारीचे पीठ या कसोटीला सहज उतरते, मैदा उतरत नाही. मसाला ओट्सच्या पुडीपेक्षा साधे जाड ओट्स घेऊन घरी भाज्या घालून शिजवलेले बरे, आणि जाड ओट्सही आवडत नसतील तर ज्वारीच्या कण्या त्यांच्यापेक्षा स्वस्त आणि तोडीस तोड आहेत.

गुळाविषयी एवढेच पुरे, की कॅलरींच्या दृष्टीने तो साखरेचा सख्खा भाऊ आहे. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम, मग ती साखर असो वा गूळ. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला वरून घातलेल्या साखरेची मर्यादा २५ ग्रॅम आहे, आणि ती येथे चहातच ओलांडली जाते.

लक्षण: जेवण आवरले आहे, पण संध्याकाळी भूक आवरत नाही

दुपारी एका भाकरीवर भागवणारा माणूस साडेपाचच्या चहाबरोबर दोन खारी, मग मूठभर फरसाण, मग ‘थोडेसेच’ म्हणून चिवडा असा घसरत जातो, आणि रात्री मनातल्या खंतीने भात सोडतो. प्रत्यक्षात भातापेक्षा खारी आणि फरसाण यांनीच जास्त कॅलरी दिलेल्या असतात, कारण त्यांत मैदा किंवा बेसन आणि तळणीचे तेल असे दोन्ही एकत्र आलेले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांवर केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे आठवतो. त्यात तेच लोक दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न खात होते. पुढ्यात ठेवलेल्या दोन्ही ताटांत कर्बोदके, साखर, चरबी आणि तंतू सारखेच होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती, तरी प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या आठवड्यांत ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात राहिले.

संध्याकाळच्या भुकेची दुरुस्ती सकाळपासून करावी लागते. नुसत्या पोह्यांचा नाश्ता अकरा वाजेपर्यंत टिकत नाही. त्याच पोह्यांत मटारदाणे, मोड आलेले मूग किंवा जोडीला एक उकडलेले अंडे आले, तर दुपारच्या जेवणापर्यंत तग धरता येतो. दुपारी ताटावर बसल्यावर आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, आणि भात शेवटी, असा क्रम ठेवावा. भाज्या आणि प्रथिने आधी व पिष्टमय पदार्थ नंतर खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे लहान प्रयोगांत दिसले आहे. वजनावर त्याचा थेट परिणाम होईलच असे नाही, परंतु पोट अर्धे भरलेले असताना दुसऱ्या भाकरीकडे हात जाण्याची शक्यता नक्कीच घटते. आणि पाच वाजता भूक लागणारच आहे हे गृहीत धरून त्या वेळचे खाणे आधीच ठरवून ठेवावे: भाजलेले फुटाणे, एक पेरू, ताक, किंवा उकडलेले रताळे.

बटाट्याची बाजूही येथे मांडली पाहिजे. सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये ३८ पदार्थ समान कॅलरींच्या प्रमाणात देऊन कोणता पदार्थ पोट किती काळ भरलेले ठेवतो हे तपासले गेले, आणि त्यात उकडलेला बटाटा पहिला आला, तोही पांढऱ्या ब्रेडच्या तिपटीहून अधिक गुण मिळवून. जिरे घालून केलेली उकडलेल्या बटाट्याची भाजी हद्दपार करण्याची गरज नाही. ती पोळीला किंवा भाताला जोड म्हणून न घेता त्यांच्यातल्या एकाच्या बदली घ्यावी. वड्याचा विषय अर्थातच वेगळा.

लक्षण: उपवास करूनही वजन वाढते

दर चतुर्थी, दर एकादशी, श्रावणी सोमवार आणि वर्षातून नवरात्र असे उपवास करणाऱ्यांनी साबुदाण्याच्या खिचडीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा सुमारे २६० कॅलरींचा, ३० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट १६० च्या वर, दोन चमचे तूप ८० ते ९०, आणि अर्धा बटाटा ४० च्या आत. म्हणजे एक बशी साडेपाचशेच्या घरात जाते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने आणि तंतू नावालाच आहेत. जी काही प्रथिने मिळतात ती कुटाची. दोन वेळा खिचडी, मध्ये बटाट्याचा चिवडा आणि रात्री खजूर-राजगिऱ्याचा लाडू अशा उपवासाच्या दिवशी खाणे नेहमीपेक्षा वाढलेले असते.

उपवास सोडा असे मी म्हणणार नाही, श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. परंतु उपवासाला चालणाऱ्या पदार्थांत भगर आहे, राजगिऱ्याचे पीठ आहे, रताळे आहे, काकडी, दही, ताक आणि फळे आहेत. ५० ग्रॅम भगर, दाण्याची पातळ आमटी, दह्यातली काकडीची कोशिंबीर आणि एक फळ असे जेवण खिचडीपेक्षा हलके होते आणि जास्त वेळ टिकते. दाण्याची आमटी मात्र खरोखरच पातळ ठेवावी, कारण कूट सढळ पडले की ती खिचडीलाही मागे टाकते.

लक्षण: सगळे नीट चालले होते, पाच-सहा किलो उतरले, आणि आता पुन्हा अडकले

या टप्प्यावर बरेच जण कर्बोदके पूर्णपणे बंद करण्याकडे वळतात. त्याने पुन्हा पाण्याचे दोन किलो जातील आणि पुन्हा उत्साह वाटेल, पण पुढे काय? स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाने चरबी कमी केली आणि दुसऱ्याने कर्बोदके. वर्षाअखेर पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने गणण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळून भरपूर भाज्या खाण्यास सांगितले होते, आणि माझ्या मते त्या प्रयोगातून घेण्यासारखे तेच आहे. ज्याला कमी कर्बोदकांचे जेवण मनापासून आवडते त्याने ते जरूर करावे. ज्याला वरणभाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, त्याने त्या वाटेला जाऊ नये.

सहा किलो कमी झालेल्या शरीराला चालायला, उभे राहायला आणि झोपेतही पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा लागते. म्हणून सुरुवातीला वजन उतरवणारे तेच ताट आता वजन जागेवर धरून ठेवणारे ताट झालेले असते. त्यातच मोजमाप हळूहळू सैल पडते, ४० ग्रॅमची भाकरी कधी ५५ ची झाली ते थापणाऱ्या हातालाही कळत नाही. त्यामुळे प्रथम एक आठवडा पुन्हा काट्यावर पीठ आणि चमच्याने तेल मोजावे. प्रमाण वाढलेले आढळले तर ते पूर्ववत करावे आणि चार आठवडे थांबावे. प्रमाण बरोबरच असेल, तर दिवसाचे धान्य आणखी २० ते ३० ग्रॅमने कमी करावे किंवा रोजच्या चालण्यात अर्ध्या तासाची भर घालावी. या दोहोंपैकी एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाचा परिणाम झाला ते समजते. आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचा किंवा जोर-बैठकांचा व्यायाम असावा, कारण नुसत्या कमी खाण्याने चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

एवढे करूनही दोन महिने काहीच हालचाल नसेल, किंवा सोबत थकवा, केस गळणे, पाळीची अनियमितता, अंगावर सूज अशी लक्षणे असतील, तर आहारात आणखी काटछाट करू नये. थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, स्त्रियांनी पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराबद्दल विचारावे, आणि चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. स्टिरॉइड, इन्शुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि काही मानसोपचारांची औषधे वजन वाढवतात किंवा उतरू देत नाहीत. ती स्वतःहून बंद करू नयेत, परंतु अनेकदा त्यांना पर्याय असतो आणि तो विचारल्याशिवाय कोणी सुचवत नाही. जाताना मोजलेल्या पिठा-तेलाची आठवडाभराची नोंद आणि सरासरी वजनाचे आकडे सोबत न्यावेत. ‘मी फारसे काही खातच नाही’ या वाक्यापेक्षा त्या कागदावर डॉक्टरांना काम करता येते.